सहाव्या जागेचा रकाना

"रेजिना, हा एक रकाना अजून रिकामा आहे," प्रधान सर म्हणाले.

बुधवार होता. दुपारचे तीन वाजत आले होते आणि पाच वाजता तो तक्ता क्लायंटच्या टेबलावर जायचा होता.

"सर, त्या उमेदवाराने ह्या प्रश्नावर काही म्हटलेलं मला सापडत नाही. त्याच्या ऑफिसला ईमेल केलाय. उत्तर आलं नाही."

"मग?"

"म्हणून रिकामा ठेवलाय."

"रिकामा रकाना म्हणजे अपुरं काम. क्लायंटला आधी तेच दिसतं. भर आणि प्रिंट काढ. यल्ला, चल आटप."

मी तो भरला. भरताना मला काही चुकतंय असं वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. उलट आपल्या शिक्षणाचा उपयोग झाला म्हणून थोडं बरंच वाटलं.

हे मस्कतमधलं आहे. दोन हजार साल उलटून फार दिवस झाले नव्हते. अल् खुवैरमध्ये आमची छोटी कन्सल्टन्सी होती. कन्सल्टन्सी म्हणजे व्यापाऱ्यांना बाहेरच्या देशांची जी माहिती लागते ती गोळा करायची, नीट मांडायची आणि फाइलला लावून द्यायची. प्रधान सर पुण्याचे, ऑफिस त्यांचं. मी रिसर्च असिस्टंट होते, पण अर्धा दिवस टायपिंगच करायचे.

आम्ही वसईचे. आई, पप्पा आणि मी हमरियात दोन खोल्यांत राहायचो. पप्पा रुसैलच्या एका कपड्यांच्या फॅक्टरीत ड्रायव्हर होते. शिवणकाम करणाऱ्या मुलींना कॅम्पातून फॅक्टरीत न्यायचं आणि संध्याकाळी परत सोडायचं, हे त्यांचं काम. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. राज्यशास्त्र घेऊन मी पत्रद्वारे बी.ए. करत होते. फॅक्टरीच्या मालकांना, म्हणजे अर्बाबना, पप्पांनी हे एकदा अभिमानाने सांगितलं होतं. अर्बाबनी प्रधान सरांकडे शब्द टाकला, म्हणून मला ही नोकरी मिळाली. आणि तक्ता मागणारे क्लायंट म्हणजे हेच अर्बाब.

त्यांची अडचण अशी होती. फॅक्टरीचा माल अमेरिकेला जायचा. एका देशातून किती डझन शर्ट, किती डझन पँटी येऊ द्यायच्या, ह्याची मर्यादा अमेरिका ठरवून द्यायची. तिला कोटा म्हणत. त्या वर्षी तिथे काँग्रेसची निवडणूक होती. (पप्पांनी विचारलं होतं, "काँग्रेस म्हणजे आपली?" मी म्हटलं, "नाही पप्पा, तिथे संसदेलाच काँग्रेस म्हणतात." ते म्हणाले, "बरं झालं विचारलं.") अर्बाबच्या तिथल्या खरेदीदाराने त्यांना सांगितलं होतं की सहा जागांवर लक्ष ठेवा. तिथून निवडून येणाऱ्या सहाजणांचा शब्द कापडाच्या बाबतीत चालतो. ते कोटा आवळायच्या बाजूचे निघाले तर पुढच्या वर्षीच्या ऑर्डरी विसरा.

फॅक्टरीत शिलाईच्या दोन लाइन होत्या. दुसरी लाइन चालू ठेवायची की बंद करायची, हे अर्बाबना ठरवायचं होतं. त्या लाइनवर छत्तीस मुली होत्या, बहुतेक श्रीलंकेच्या. लाइन बंद म्हणजे त्या छत्तीसजणी घरी. हे मला माहीत होतं. तक्ता करताना रोज माहीत होतं.

सहा जागा, प्रत्येकी दोन उमेदवार, पाच प्रश्न. तीन आठवडे मी उमेदवारांच्या वेबसाइट उघडत होते. एक पान उघडेपर्यंत चहा होऊन जायचा. भाषणं वाचायची, त्यांच्या गावच्या पेपरातल्या बातम्या शोधायच्या, जो जे म्हणाला ते त्याच्या नावापुढे लिहायचं. सगळं भरत आलं. राहिला तो सहाव्या जागेवर जिंकेल असं सगळे म्हणत होते त्या उमेदवाराचा कोट्याचा रकाना. नेमका तोच.

त्याच्या पक्षाचं धोरण कोटा आवळायचं होतं. परीक्षेत मला आपल्याकडच्या पक्षांतरबंदीच्या कायद्यावर प्रश्न आला होता. पक्षाने व्हिप काढला, म्हणजे मतदानाचा आदेश दिला, की खासदाराला तो पाळावाच लागतो, नाहीतर जागा जाते. ते उत्तर मला तोंडपाठ होतं. तेव्हा पक्ष जे म्हणतो तेच उमेदवार करणार, ह्यात विचारायचं काय, असं मला वाटलं. मी टाइप केलं: कोटा आवळण्याच्या बाजूने.

सहापैकी चार जागा कोटा आवळणाऱ्यांच्या झाल्या. पाच वाजता तक्ता गेला.

तेव्हा तिथे गुरुवार-शुक्रवार सुट्टी असायची. रविवार कामाचा, म्हणून चर्चची मोठी मिस्साही शुक्रवारीच. त्या शुक्रवारी पप्पा मिस्साला आले नाहीत. असं कधी होत नसे. आम्ही घरी परतलो तेव्हा ते युनिफॉर्म न काढताच बसले होते.

"कुठे होता?" आईने विचारलं.

"सीबला. एअरपोर्टवर. दुसऱ्या लाइनच्या अकरा पोरी होत्या."

"सुट्टीवर चालल्या?"

"कायमच्या. ज्यांचा करार ह्या महिन्यात संपत होता त्या. अर्बाबने काल सांगितलं, पुढे वाढवायचा नाही. बाकीच्या महिनाअखेरीला." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाय, कुमारी पण गेली."

कुमारी बसमध्ये पप्पांच्या मागच्या सीटवर बसायची. पप्पांच्या युनिफॉर्मचा फाटलेला खिसा तिनेच शिवून दिला होता, इतका बारीक की शिवण दिसत नव्हती. माझी नजर त्या खिशावर गेली आणि तिथेच राहिली. आईने दोनदा हाक मारली, ती मला ऐकू आली नाही. बुधवारी संध्याकाळी मी कागद पाठवला आणि शुक्रवारी सकाळी अकराजणी विमानात बसल्या. कागदाचा असा परिणाम होतो, हे मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.

तरी मनाला समजावलं, की जे खरं होतं तेच आपण लिहिलं.

शनिवारी सकाळी ऑफिसात ईमेल उघडला. सहाव्या उमेदवाराच्या ऑफिसातून उत्तर आलं होतं. उशिराबद्दल माफी मागून कुणा कार्यकर्त्याने त्याचं एक भाषण जोडलं होतं. मी ते वाचलं. मग पहिल्यापासून पुन्हा वाचलं. त्याच्या मतदारसंघात मोठं बंदर होतं. बाहेरून माल येतो म्हणून तिथल्या लोकांना काम मिळतं. तो म्हणत होता की कोटा सैल करा, ह्या बाबतीत मी माझ्या पक्षाबरोबर नाही, आणि आधीही दोनदा पक्षाविरुद्ध मत दिलंय.

पक्षाविरुद्ध मत देऊन तो जागेवर होता. वर पुन्हा त्याच पक्षाने त्याला उभं केलं होतं. व्हिपचा तो कायदा आपला, तिथे तसा नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. प्रिंट काढायला मी तीन वेळा चुकीचं बटण दाबलं.

प्रधान सरांनी कागद वाचला आणि पालथा ठेवला.

"कुणी विचारलंय का?"

"नाही सर."

"मग खलास. रिपोर्ट गेला. आता उकरू नकोस."

"सर, अकराजणी गेल्या. पंचवीस राहिल्यात."

"तुला कसं कळलं?"

"पप्पांनी सोडलं त्यांना एअरपोर्टवर."

सरांनी तो पालथा कागद पुन्हा उलटला. मग म्हणाले, "मी रकाना भर म्हटलं होतं. अंदाजाने भर असं म्हटलं नव्हतं."

त्यांनी तसं म्हटलं नव्हतं, हे खरं होतं. मी तशीच उभी राहिले. माझा व्हिसा सरांकडे, पप्पांचा अर्बाबकडे. त्या पाच मिनिटांत मी दोन्ही गेलेले पाहिले. शेवटी सरांनी गाडीची किल्ली उचलली.

रस्त्यात एवढंच म्हणाले, "बोलायचं ते मी बोलतो. तू शांत बस."

अर्बाबच्या केबिनमध्ये खजूर आले, कॉफी आली. अर्बाब तरुणपणी काही वर्षं मुंबईला होते, त्यामुळे हिंदी बोलायचे. सरांनी एक घोट घेतला, घसा साफ केला आणि पुढे काहीच बोलले नाहीत. मी थोडी वाट पाहिली. मग मीच कागद पुढे केला आणि सांगितलं. सगळं सांगितलं, परीक्षेच्या उत्तरासकट.

ते चिडतील, ओरडतील, असं मी धरून चालले होते. त्यांनी तक्ता काढला, त्या रकान्यावर बोट ठेवलं आणि हळू आवाजात विचारलं, "बेटी, इस आदमी को तुमने पूछा था?"

"पूछा था. जवाब नहीं आया था."

"तो ये क्यों नहीं लिखा? जवाब नहीं आया, बस."

सर कॉफीच्या कपात बघत राहिले.

"ये खाली छोड़ा होता," अर्बाब म्हणाले, "तो मैं फोन करता. दो हफ्ता रुकता." मग त्यांनी मॅनेजरला बोलावून अरबीत काही सांगितलं. महिनाअखेरची यादी थांबली. सहापैकी तीन आणि तीन झाले होते, म्हणजे काहीच ठरत नव्हतं, आणि काही ठरत नसेल तर लाइन चालू ठेवायची असं त्यांनी ठरवलं.

मी विचारलं, "और वो ग्यारह?"

"जो गया, गया. वीसा कॅन्सल है."

जाताना त्यांनी मला मुठीत खजूर दिले. ते मी खाल्ले नाहीत. रुमालात बांधून घरी नेले.

संध्याकाळी पप्पांना सांगितलं, ते त्यांच्या समोर उभी राहून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अर्बाबला तू स्वतः सांगितलंस?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली. शाबासकी म्हणावी अशी ती नव्हती. त्यानंतर बरेच दिवस ते बसच्या पुढच्या सीटबद्दल बोलायचे. मुली त्या गेलेल्यांच्या रिकाम्या सीट सोडून मागे दाटीने बसतात, म्हणायचे. पुढे बसा म्हटलं तर हसतात, पण येत नाहीत.

निवडणूक झाली. सहाव्या जागेवर तोच उमेदवार जिंकला. पुढची दोन वर्षं मी दर महिन्याला बघत होते, त्याने कोट्यावर काय मत दिलं ते. हे काम मला कुणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षांत तो प्रश्न तिथे मतदानाला आलाच नाही. सहाजणांपैकी कुणालाच हात वर करावा लागला नाही, ना ह्या बाजूने, ना त्या. अकराजणी मात्र गेल्या होत्या.

बी.ए. झाले. त्यानंतर बरेच तक्ते केले, आता तेच माझं काम आहे. माझ्या तक्त्यात शेवटी एक जास्तीचा रकाना असतो: कुठून कळलं. ज्याचं कळलं नाही तिथे मी 'माहीत नाही' असं टाइप करते. प्रधान सरांनी ते एकदाही खोडलं नाही, त्यावर कधी बोललेही नाहीत.

क्लायंट अजूनही पहिलं बोट त्या दोन शब्दांवरच ठेवतात आणि विचारतात, "मॅडम, काम अपुरं आहे का?"

मी हो म्हणते.