मामाचं बावखल

मी नकाशे काढते. उपग्रहाने वरून टिपलेला फोटो बघायचा आणि मग जागेवर चिखलात उभं राहून तो खरा की खोटा ते तपासायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. वसई किल्ल्याच्या पडक्या भिंतींपासून खाडीतल्या खारफुटीपर्यंत बरंच काही मी असं नकाशावर आणलंय. पण त्या दिवशी तपासायची होती ती मामाचीच वाडी.

वाडीत बावखल आहे, म्हणजे बागायतीला पाणी पुरवणारं जुनं तळं. मामाला ते बुजवून जागा बिल्डरला द्यायची होती. एका कोपऱ्यात विटामातीच्या डेब्रिजचा ढीग पडलाही होता. उपग्रहाच्या फोटोत सगळं हिरवंगार दिसत होतं, म्हणून कॉम्प्युटरने खुशाल ‘झाडी’ ठरवून टाकलं. मी जागेवर जाऊन तळं म्हणून नोंदवलं, की भरावाला बंदी.

आई हट्टाने सोबत आली. "मी असले की तो आवाज चढवणार नाही," म्हणाली. कसलं काय!

"हिरवं दिसतंय ना? मग हिरवंच राहू दे," मामा काठावर आडवा उभा राहिला.

"मामा, बाजूला हो. मला फोटो काढायचाय."

"काढ की! पण मग या घराची पायरी चढायची नाही. तू नाही, आणि," त्याने आईकडे बोट केलं, "हीसुद्धा नाही."

माझ्या नोकरीपायी आईचं माहेर तुटणार? संतापाने डोळ्यांत पाणी आलं. मरू दे ते बावखल, असंही वाटून गेलं. मी मोबाईल खाली केला.

आईने ढिगातला विटेचा तुकडा उचलला आणि भिरकावला. डुबुक! शेवाळाची हिरवी साय फाटली आणि खालचं काळंभोर पाणी हललं.

"काढ लवकर, परत मिटायच्या आत," ती म्हणाली. मी काढला.

भराव थांबला, पण गणपतीत मामाचं बोलावणं आलं नाही. विसर्जनाच्या संध्याकाळी आई मनवेलपाड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी बसून होती. आयुष्यात पहिल्यांदा माहेरच्या गणपतीला न जाता.

"आता आरती झाली असेल," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "बावखलातच नेतील ना गं गणपती, नेहमीसारखा?"

"दुसरीकडे कुठे नेणार?" मी चिडूनच बोलले.

"मग झालं तर," आई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.