तिसरं स्थळ

माझ्या सासऱ्यांइतका विचारपूर्वक निर्णय घेणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. हे मी अधिकाराने सांगतो, कारण मी स्वतः त्यांचा एक निर्णय आहे. कुरुंद्याला त्यांचं हळदीचं शेत आहे. मी त्यांना मामा म्हणतो, ते मला जावईबापू म्हणतात, आणि एवढं एक सोडलं तर कुठलीही गोष्ट त्यांनी मांडून बघितल्याशिवाय ठरवलेली मला आठवत नाही. दोनांतून एक निवडायची वेळ आली की तुम्ही-आम्ही मनाचा कौल घेतो, नाहीतर बायकोचा. मामा हळकुंडं घेतात. ओसरीवर पोतं अंथरायचं, पर्याय शेजारी शेजारी कल्पायचे आणि एकेका मुद्द्याची एकेक ओळ धरायची. दोन पर्याय असले तर त्या मुद्द्यात जो सरस त्याच्यापुढे दोन हळकुंडं, दुसऱ्यापुढे एक. तीन असले तर तीन, दोन, एक. शेवटी ज्याचा ढीग मोठा, तो जिंकला. मुद्दा फारच वजनदार असेल तर हळकुंडांच्या जागी गड्डे लागायचे, म्हणजे हळदीच्या बुडाशी असतात ते गोल, ठोसर कंद. एक गड्डा दोन हळकुंडांच्या बराबर. कुठल्या मुद्द्याला गड्डा लावायचा यावरून मामा-मामींची जी भांडणं व्हायची, त्यापुढे इतर नवरा-बायकोंची भांडणं म्हणजे गप्पाच म्हणायच्या.

या पद्धतीत घाईला जागा नव्हती. एकदा मामांची दाढ दुखायला लागली. वसमतला दोन दातांचे डॉक्टर. एकाचा हात हलका पण दवाखाना जिन्यावर, दुसऱ्याचा दवाखाना खाली पण बोलणं तुसडं. मामांनी गालाला फडकं बांधून मांडामांड सुरू केली. हात हलका असण्याला गड्डा द्यावा की देऊ नये, यावर त्यांचं आणि मामींचं एकमत होईपर्यंत दाढ आपली आपणच पडली. तेव्हा मामा समाधानाने म्हणाले, "बघा, दोघांची बी गरज न्हाई पडली." शेळी घ्यायला गेले तर शेळीवाल्याच्या खळ्यात हळकुंडं मांडून बसले आणि जिंकलेल्या शेळीने त्यातली दोन खाऊन टाकली. मामांनी ती तिच्या ढिगातून प्रामाणिकपणे वजा केली. शेळी हरली.

मामींना हे सगळं तोंडपाठ होतं. त्या स्वतः कधी काही मांडत नसत आणि आपल्याला काय हवं हेही सांगत नसत. लोटी-भांडं घेऊन येता-जाता त्या पोत्याकडे नजर टाकायच्या, मध्येच एखादं वाक्य बोलायच्या आणि आत जायच्या. त्या वाक्यानंतर बहुतेक वेळा निकाल बदललेला असायचा. माझं लग्न अशाच एका वाक्याने झालं.

मी हिंगोलीच्या एका शाळेतला मास्तर. माझ्याविरुद्ध होतं डोंगरकड्याचं स्थळ, केळीची बाग असलेलं. जमीन, घर आणि उंची या तिन्ही ओळींत डोंगरकडा पुढे. स्वभाव आणि निर्व्यसनीपणा या दोन ओळींत मी पुढे. सरळ सरळ हरलो होतो. मामा पोतं झटकणार तेवढ्यात मामी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "त्या सेनगावाकडच्या पोराचं बी मांडा की." या तिसऱ्या पोराला जमीन नाही, घर भाड्याचं आणि उंचीला तो माझ्याहूनही कमी. मात्र स्वभावाने गरीब, सुपारीसुद्धा न खाणारा. मामांनी नियमाप्रमाणे पुन्हा सगळ्या ओळी मांडल्या. स्वभाव आणि निर्व्यसनीपणा या दोन ओळींत तो पोरगा माझ्या खाली पण डोंगरकड्याच्या वर बसला, त्यामुळे डोंगरकडा तिथे थेट तळाला गेला. बाकीच्या ओळींत तो स्वतःच तळाला होता, म्हणजे मी कुठेही दुसऱ्या नंबराच्या खाली उतरलो नाही. मी एका हळकुंडाने नवरा झालो. त्या बिचाऱ्याला आपण कधी स्पर्धेत होतो हे आजही ठाऊक नसेल.

आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांना मी हे एकदा कौतुकाने सांगितलं. ते गंभीर झाले. अनेक मुद्द्यांवरून क्रम लावायच्या रीतींवर म्हणे जाडजाड पुस्तकं आहेत, आणि मामांच्या रीतीत एक नामांकित दोष आहे. तिसरा पर्याय कितीही टाकाऊ असला तरी त्याच्या नुसत्या येण्याने पहिल्या दोघांची अदलाबदल होऊ शकते. मी म्हटलं, सर, दोष असेल, पण माझा संसार त्याच्यावर उभा आहे.

मागच्या वर्षी मामी गेल्या. कुरुंद्याच्या घरात मामा एकटे उरले. एकदा न्हाणीत घसरून पडले, आणि शेजारच्या बाईला हाक ऐकू जाईपर्यंत ओल्या फरशीवर पडून राहिले. ते कळल्यापासून बायकोला घास गोड लागेना. आम्ही त्यांना हिंगोलीला आणायलाच गेलो. मामा म्हणाले, "मांडून बघू." पोतं अंथरलं. शेत, ओळखीपाळखी आणि मोकळी हवा या ओळींत कुरुंदा पुढे. सोबत आणि वेळेवर जेवण यात आम्ही पुढे. मला माझीच जुनी हार समोर दिसायला लागली. "बघा जावईबापू," मामा म्हणाले, "आपल्या हातात काही न्हाई." आणि ते पोतं आवरायला लागले.

"बाबा," बायको म्हणाली, "पुसेगावच्या आत्याकडं राहायचं बी मांडा की."

पुसेगावची आत्या म्हणजे मामांची पाठची बहीण. तिच्याकडे सोबत आहे, दोन वेळचं जेवण आहे, पण दोघं एका खोलीत बसले की गल्ली गोळा होते. तिथे मामा जाणार नाहीत हे पोत्यालाही माहीत होतं. मामांनी हात थांबवला आणि लेकीकडे बघितलं.

"आईनं शिकवलं का तुला ह्ये?"

बायको पोत्याची मुडपलेली कड सरळ करायला लागली.

"जावईबापूंच्या टायमाला तिनं बी असंच केलं व्हतं."

"म्हणजे तुमाला कळलं व्हतं?"

"न कळायला काय झालं? त्या पोराचं नाव बी तिला धड सांगता येईना."

"मंग काहून चालू दिलं?"

मामा एक गड्डा उचलून हातात फिरवत राहिले. "तिच्या मनात काय हाये ते ती तोंडानं कधी बोलली न्हाई. मी मांडलं की ती मधी हात घालायची, मंग मला कळायचं. त्याच्यासाठीच तर मांडत व्हतो." मग म्हणाले, "ती गेल्यापासून रोज काहीतरी मांडून राहिलो. मोडायला कोनीच येईना."

बायकोला रडू आवरेना. मलाही आवरलं नाही, उगीच का खोटं सांगू. मामांनी हळकुंडांची पिशवी लेकीपुढे सरकवली आणि म्हणाले, "मांड तुझं पुसेगाव." तिने डोळे पुसत पुसत ओळी लावल्या. हिंगोली एका हळकुंडाने जिंकली.

आता ते आमच्याकडे असतात. रोज सकाळी भाजी आणायच्या आधी गॅलरीत पोतं पसरलं जातं. एकीकडे मेथी, एकीकडे वांगी. ओळी लावून झाल्या, निकाल लागला, तरी ते पोतं आवरत नाहीत. हळकुंडांवर हात ठेवून दाराकडे बघत बसतात. मला दोडका अजिबात आवडत नाही आणि हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. तरी मी हातातला चहा घेऊन बाहेर जातो, पोत्याकडे नजर टाकतो आणि म्हणतो, "मामा, दोडका बी मांडा की."