रबरी फुग्याचा श्वास

कल्पना करा, तुमच्यासमोर भूल देण्याचं मशीन आहे. नळीच्या टोकाला माणूस नाही, रबराचा फुगा आहे. मशीन फुग्यात हवा भरतं, सोडतं. तुम्ही मध्ये आपला मीटर जोडायचा आणि बघायचं, मशीन जेवढी हवा गेली-आली म्हणतं, तेवढी खरंच गेली-आली का. खोलीत दुसरं कोणी नाही. सोबतीला तो फुगाच.

हरिओमचं काम हेच. तो मंठ्याजवळच्या गावचा, शेतकऱ्याच्या घरातला पहिला डिप्लोमावाला. जालन्यात खोली करून एकटा राहतो आणि मीटरची पेटी मांडीवर घेऊन एसटीनं दवाखाने फिरतो. ऑपरेशन थिएटर रिकामं असेल तेव्हाच त्याला आत घेतात. पेशंट आला की तो बाहेर. गावी गेला की पारावरचे विचारतात, "काय हरिओम, औंदा हवेला काय भाव?" तोही हसायचा. आता गावी जाणंच कमी झालंय.

दसरा होऊन गेल्यावर जाफराबादच्या एका छोट्या दवाखान्यातून भूलतज्ज्ञ डॉ. प्रियदर्शनींचा फोन आला. स्वरा नावाच्या लहान मुलीचं हर्नियाचं ऑपरेशन होतं, आणि मशीनचा आकडा जुळत नव्हता.

हरिओमनं तिथं पोचून फुगा जोडला आणि मशीनला दीडशे मिली हवा द्यायला लावली. त्याच्या मीटरवर दीडशे गेले, तेवढेच परत आले. मशीनच्या पडद्यावर मात्र परतीचे एकशे दहाच.

"कुठे गळती आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई मॅडम. हवा पूर्ण येऊन राह्यली. मशीनलाच कमी दिसतंय."

"म्हणजे हा आकडा खरा मानून मी हवा वाढवली असती तर..."

"पोरीच्या फुप्फुसात जास्त गेली असती."

त्यानं परतीच्या बाजूची सेन्सरची नळी काढली. तिच्यात केसाहून बारीक, तापवलेली तार असते. हवा गेली की तार थंडावते. किती थंडावली, त्यावरून मशीन हवा मोजतं. त्या तारेवर लाल कण चिकटले होते. हरिओमनं मशीनकडे पाहिलं. वर झेंडूचा वाळका हार अजून तसाच होता.

"कुंकू मीच लावलं," फरशी पुसणाऱ्या पुष्पाबाई म्हणाल्या. "खंडेनवमीला आम्ही औताला लावतोत. मंग जीव वाचवणाऱ्या मशीनला न्हाई लावायचं?"

"मशीनला लावा की मावशी. या नळीला कामून?"

"ती धुवून ताटात वाळत ठेवली व्हती. समद्यायला लावलं, अन् तिला एकलीला कशी सोडू?"

हरिओमला हसू आलं. पण नळीनं काय केलं असतं हे कळल्यावर पुष्पाबाईंच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "पोरीला काई होणार न्हाई ना, दादा?"

"आता न्हाई. पुढच्या दसऱ्याला फक्त मशीनच्या चाकाला लावा. देवाला बराबर पोचतं."

ती तार पुसून साफ होण्यासारखी नव्हती. त्यानं पेटीतली नवी नळी बसवली, पुन्हा फुगा जोडला. दोन्ही आकडे जुळले. डॉक्टरांनी स्वराला आत आणायला सांगितलं आणि हरिओम पेटी उचलून बाहेर आला.

जालन्याच्या गाडीची वेळ झाली होती. तो गेला नाही. थिएटरबाहेरच्या बाकावर स्वराची आजी उषाबाई बसली होती. तिनं पिशवी सरकवून जागा केली.

"तुमचं कोण हाय आत?"

"कोणी न्हाई."

"मंग कामून बसलात?"

त्यानं पेटी मांडीवर घेतली. दोघं बंद दाराकडे बघत राहिले.

दार उघडलं. "झालं, आजी. छान श्वास घेतेय," डॉक्टर म्हणाल्या. उषाबाई डोळ्यांना पदर लावत आत गेली. डॉक्टरांची नजर हरिओमवर पडली. "अरे, तू अजून इथंच?"

"मॅडम, आत आकडा बराबर होता?"

"पडद्यावर तर होता."

त्या आत वळल्या. बाकावर तो एकटाच उरला.

त्यानं मोजली होती ती सिलेंडरची कोरडी, थंड हवा. स्वराचा श्वास गरम, ओलसर, त्यात भुलीच्या औषधाची वाफ. दोन्हींत तार सारखी थंडावत नाही. तो फरक मशीन आपल्या हिशोबानं भरून काढतं, पण माणसाच्या श्वासाला त्याचा मीटर कधी लागत नाही. पडद्यावर दीडशे होते. तिच्या श्वासात खरंच किती होते?