डॉक्टरांना सांगितलेला उपास
उपासाच्या मोरधनाचा, म्हणजे भगरीचा, वास आला की देवासमधलं ते नवरात्र आठवतं. माझी धाकटी बहीण तेव्हा घरात मुलगाच समजली जायची. "दादा, हे खांदे जायला हवेत," असं मला एकट्याला सांगून ती नुसत्या पाण्यावर राहायची, रोज दोनदा देवीची टेकडी चढायची आणि शरीर बाईसारखं व्हावं म्हणून गर्भनिरोधक गोळ्या चोरून घ्यायची. आईला वाटे, देवीचा कडक उपास चाललाय, शेजारी म्हणत, "भिया, लड़का हो तो ऐसा." आठव्या माळेला ती पायऱ्यांवरच कोसळली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कोई दवाई चल रही है?" खाटेजवळ आई आणि बाबांच्या कारखान्यातले दोघे उभे होते. मी म्हणालो, "नहीं साब, बस नवरात्रि का उपवास है." आज ती इंदूरच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं नीट जेवते, बेतानं चालते. पण त्याआधी आणखी चार वर्षं ती तशीच उपाशी चढत राहिली, कारण ज्या एका डॉक्टरांनी विचारलं, त्यांना मी खोटं सांगितलं होतं.