गोलावरचं झेंडूचं तोरण

आमच्या मैदानाचं आताचं नाव मी इथे लिहिणार नाही. फुकटची जाहिरात कशाला? त्यात आधी एका प्लास्टिकच्या पाण्याच्या टाकीचं नाव येतं, मग 'अरेना' आणि अगदी शेवटी, बारीक अक्षरांत, उपकार केल्यासारखं 'नाशिक'. पंचवटी कारंजावर रिक्षावाल्याला हे नाव सांगून बघा. तो दोनदा विचारेल, कपाळाला आठ्या घालेल आणि म्हणेल, "म्हंजे मळ्यातलं मैदान ना? मग तसं बोला की!"

मळ्यातलं मैदान हेच त्याचं नाव. मखमलाबादच्या बाजूला, चारही अंगांनी भाजीचे आणि फुलांचे मळे, मध्ये हे. सकाळी बाजारात पाट्या रिकाम्या करून आलेली माणसं रविवारी दुपारी बांधावर बसून फुटबॉल बघायची. मी शाळेत भूगोल शिकवायचो, फुटबॉलमधलं मला फारसं कळत नव्हतं, पण त्या बांधावर बसून रेफरीला शिव्या देण्यात जे सुख होतं ते मला दुसरीकडे कुठेच मिळालं नाही. आमच्या संघाचा शर्ट झेंडूसारखा पिवळा. तो कुणी ठरवला होता ते कुणालाच आठवत नाही.

एका गोलामागे, भिंतीपलीकडे, मावशीचा झेंडूचा मळा. ती कुणाची मावशी होती हे विचारू नका, सगळ्या मैदानाची होती. तिचा नवरा ऐन उमेदीत आमचा गोलकीपर होता. दसऱ्यानंतर हंगामाचा पहिला सामना असायचा, आणि त्या दिवशी ती दोघं आंब्याची पानं आणि झेंडू ओवून गोलाच्या आडव्या दांड्याला तोरण बांधायची. सामना सुरू व्हायच्या आधी पाहुण्या संघाच्या गोलकीपरने ते स्वतःच्या हाताने सोडायचं आणि घरी न्यायचं, असा रिवाज. नवरा गेल्यावर तोरण एकटी मावशी बांधू लागली. मी एकदा तिला म्हटलं, "अहो, आपल्या पोरानं न्यावं की! समोरच्याला कशाला?" ती म्हणाली, "पाव्हणा हाय तो, मास्तर. गोल घालू त्याला, पर रिकाम्या हातानं नाय धाडायचा."

मग टाकीवाले शेठ आले.

खरं ते सांगायला हवं. संघ बंद पडायच्या बेतात होता. नाही घेतला असता शेठनी, तर आज त्या जागेवर इमारती दिसल्या असत्या. म्हणून सुरुवातीला आम्ही टाळ्या वाजवल्या आणि हारही घातला. तोंडात मारल्यासारखं गप्प बसायला लागतं ते यामुळेच. काही बोलायला जावं तर पुढचा लगेच म्हणतो, "मग बंद पडू द्यायचा होता का?"

नाही, बंद पडू द्यायचा नव्हता. पण जे जे हलत नव्हतं ते सगळं निळं करायलाही सांगितलं नव्हतं. टाकी निळी, म्हणून भिंत निळी, फाटक निळं, खुर्च्या निळ्या. बांध काढून तिथे त्या खुर्च्या मांडल्या. आमची पिवळी पोरं एका रात्रीत निळी झाली. मैदानाच्या दोन टोकांना हवा भरलेल्या दोन प्रचंड टाक्या उभ्या राहिल्या, वारा आला की त्या दारू प्यायल्यासारख्या झुलायच्या. लाउडस्पीकरवर एक गुळगुळीत आवाजाचा माणूस बसवला. कॉर्नर किक मिळाली की तो सांगायचा की हा कॉर्नर तुमच्यापर्यंत कोण घेऊन आलं आहे. अरे, कॉर्नर समोरच्या बचावपटूच्या पायाला चेंडू लागून मिळतो! टाकीतून येतो का तो? पण इतकी साधी गोष्ट सांगायची कुणाला? शेठ सोफ्यावर बसायचे, हो, मैदानात सोफा, आणि आमचा गोल झाला की शेजारच्याला विचारायचे, "आपला का?"

नव्या राजवटीतल्या पहिल्या सामन्याला मावशी नेहमीसारखी तोरण घेऊन आली. हिरवी साडी नेसून, कंबरेच्या पिशवीत फुलांची कात्री खोचून. फाटकावर शेठचा एक मॅनेजर उभा होता, कानात वायर, गळ्यात पट्टा. तो म्हणाला, "आंटी, बाहेरचं मटेरियल अलाउड नाहीये."

"बाहेरचं?" मावशी म्हणाली. "भिंतीपल्याड मळा हाय माझा. बाहेरनं तू आलास."

तो हसला. त्याला ते विनोदी वाटलं. मग समजूत काढायच्या सुरात त्याने सांगितलं की तोरणाची सोय झाली आहे, काळजी नको. मावशीने आपलं तोरण भाजीच्या पिशवीत सारलं आणि आम्ही आत गेलो, तर खरंच झाली होती. आडव्या दांड्यावर प्लास्टिकचा झेंडू आणि दर चार फुलांमागे एक इवलीशी निळी टाकी. इतकी ओकारी आणणारी वस्तू मी गोदाघाटावर कुंभमेळ्यातही पाहिली नव्हती, आणि तिथे मी पुष्कळ काही पाहिलं आहे.

इगतपुरीचा संघ आला होता. त्यांचा गोलकीपर उंच, मिश्या असलेला, रेल्वेत नोकरीला. रिवाज त्याला माहीत होता. तो हसत गोलाकडे गेला, हात वर केले आणि तोरण सोडायला लागला. ते सुटेना. मॅनेजरच्या माणसांनी ते वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळून टाकलं होतं. तोरण सोडायचं असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. तोरण म्हणजे त्यांच्या लेखी बॅनर, एकदा लावला की लावला. गोलकीपरने ओढलं, लोंबकळला, जाळं हललं, टाक्या खुळखुळल्या. रेफरी शिट्टी तोंडातून काढून म्हणाला की दांड्यावर असलं काही लटकत असताना सामना सुरू होणार नाही. मॅनेजर कानातल्या वायरीशी बोलत इकडून तिकडे पळत होता. एवढ्या मोठ्या अरेनात कात्री कुणाकडे नव्हती!

मावशी उठली. एक निळी खुर्ची उचलून तिने गोलात नेली, वर चढली आणि एकेक पट्टी कचाकच कापत गेली. प्लास्टिकचं तोरण चिखलात पडलं. मग भाजीच्या पिशवीतलं खरं तोरण काढून तिने गोलकीपरच्या हातात दिलं. त्याने ते कपाळाला लावलं. आम्ही खुर्च्यांवर उभं राहून असे ओरडलो की शेठ सोफ्यावरून अर्धे उठले आणि म्हणाले, "गोल झाला का?"

त्या दिवशी आम्ही सामना हरलो आणि जिंकल्यासारखे घरी गेलो. मला वाटलं, संपलं, कळली यांना त्यांची जागा. किती भाबडा होतो मी! लाज ज्याच्याकडे असते त्याला जागा कळते.

पुढच्याच आठवड्यात द्वारका चौकात होर्डिंग लागलं. दोन मजली मावशी. हातात झेंडूचं तोरण, चेहऱ्यावर तेज, मागे टाकी. कात्री गायब, खुर्ची गायब, चिखलातलं प्लास्टिक गायब. खाली अक्षरं: 'परंपरा जपतो, पाणी साठवतो.' मी स्कूटर बाजूला लावून ते वाचलं आणि माझ्या तोंडून जे शब्द निघाले ते शिक्षकाला शोभणारे नव्हते. ती त्यांच्या तोंडावर कात्री चालवून आली होती, आणि त्यांनी तिलाच उचलून टाकीवर चिकटवली. तिला विचारलं कुणी? छे, परंपरेला कुणी विचारतं का!

तडक मळ्यात गेलो. तिने ते सकाळीच टेम्पोतून बाजारात जाताना पाहिलं होतं. मला वाटलं शिव्या देईल. ती फुलं खुडत राहिली. म्हणाली, "साडी हिरवी व्हती माझी. निळी केली मेल्यांनी."

ते होर्डिंग वर्षभर राहिलं. पावसात फाटलं, मावशीचा एक हात लोंबायला लागला, तरी कुणी काढलं नाही. यंदा दसरा झाल्यावर सामन्याच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडे चहा पीत बसलो होतो, तेवढ्यात मॅनेजर मिठाईचा बॉक्स घेऊन आला. आता त्याला सगळं पाठ होतं. उद्या खरं तोरण लावायचं, पाहुण्यानेच सोडायचं, कॅमेरे असतील, शेठ शेजारी उभे राहतील. साडी ते देतील.

तिच्या पाठीमागे मळा नुसता पेटला होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत झेंडू.

"फुलं संपली," मावशी म्हणाली.

त्याने मळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा मळ्याकडे. "आंटी, ही..."

"संपली म्हनलं ना."

तो गेल्यावर मला हसू आलं. मला भारी वाटलं होतं तिचं उत्तर. पण ती हसत नव्हती. चहाचा कप तसाच ठेवून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा इगतपुरीच आली, तोच मिश्यांचा गोलकीपर. तो गोलापाशी गेला, सवयीने हात वर केले, आणि हात तसेच राहिले. दांडा रिकामा होता. त्याने वळून आमच्याकडे पाहिलं. मावशी माझ्या शेजारच्या खुर्चीवर होती. नवऱ्याने चार गोल खाल्ले त्या दिवशीही ताठ बसलेल्या या बाईने मान खाली घातली, आणि सामना संपेपर्यंत वर केली नाही. मला शेठचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नसेल. भिंत रंगव, शर्ट रंगव, तुझे पैसे आहेत. पण या बाईला पाहुण्यासमोर खाली बघायला लावलंस!

सामना संपल्यावर गुळगुळीत आवाजाने पाहुण्या गोलकीपरला पुढे बोलावलं आणि शेठनी त्याच्या हातात एक निळा प्लास्टिकचा मग ठेवला. फोटो झाला. फाटकापाशी आमच्यासमोर तो क्षणभर थांबला, मावशीला वाकून नमस्कार केला, आणि तो निळा मग भिंतीच्या कडेला ठेवून बसमध्ये चढला.

"रिकाम्या हातानं गेला," मावशी म्हणाली.