तालमीचा उर्दू अर्ज

आता हे कोणत्या तोंडानं सांगू? पण तुम्ही चहा पाजलाय, तर ऐका.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. नरसीजवळच्या आमच्या गावात कुस्तीची तालीम होती. ती चालवायचे गणपत उस्ताद, मेंढरं राखणारा माणूस. शिकवायचे फुकट, वर घरच्या शेळ्यांचं दूध आम्हालाच पाजायचे. एका उन्हाळ्यात वावटळीनं तालमीचं छप्पर उडवलं. हिंगोलीच्या कचेरीतून सरकारी मदत मिळते असं कळलं. पण अर्ज उर्दूत पाहिजे, अन् गावात उर्दू शिकलेला शहाणा एकच. मी.

मी झोकात लिहिलं, "हमारे गाँव में तालीम है. उस्ताद चालीस लड़कों को मुफ़्त सिखाते हैं. छत नहीं है. मदद फ़रमाइए."

हसताय ना? उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, हे मला ठाऊक होतं हो. पण लिहिताना डोळ्यांपुढं लाल मातीच होती, त्याला काय करणार?

पंधरा दिवसांनी तालुक्याचे साहेब टांग्यातून उतरले. सोबत पाट्या-पुस्तकांची पेटी. समोर आम्ही चाळीस लंगोटवाले, अंगभर माती. साहेब थबकले. मग उस्तादांपुढं पुस्तक धरून म्हणाले, "पहले आप पढ़िए."

उस्तादांनी पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं. उलटं. आम्ही सगळे खाली बघायला लागलो. ज्याला कधी कुणी चीत केलं नव्हतं, तो माणूस आमच्यासमोर घामाघूम झाला. अन् मी? मी खांबाआड.

"अर्ज़ी किसने लिखी?"

मी खांबाआड आणखीच सरकलो. उस्तादच म्हणाले, "म्याच लिव्हाया लावली, साहेब. लिव्हणाऱ्याची चूक न्हाई. आमी कुस्ती शिकवून राहिलो, शाळा न्हाई."

साहेब हसले. चिडले असते तर परवडलं असतं. "कुश्ती की अलग अर्ज़ी दीजिए," म्हणाले, अन् पेटी तिथंच ठेवून गेले.

संध्याकाळी मी उस्तादांचे पाय धरले.

"काहून रडून राहिला?" ते म्हणाले. "पाट्या आल्यात, तर मला लिव्हाया शिकव."

पावसाळाभर आम्ही उघड्यावर चिखलात खेळलो, अन् उस्ताद रोज माझ्यापुढं पाटी घेऊन बसले. दिवाळीनंतर दुसरा अर्ज, कुस्तीचा, त्यांनी स्वतःच्या हातानं उर्दूत लिहिला. मंजूरही झाला.

तो हिंगोलीला पोचवायचं काम तेवढं मला दिलं होतं. निघताना उस्ताद हळूच म्हणाले, "बाबा, वाटंत त्यात एक अक्षर घालू नको."