त्या दिवशी आवाज बंद होता

सिद्धार्थ वकील गेला हे साऱ्याइले मोबाईलवर समजलं. मोबाईल माह्याजवळही होता. पण मी दुसरी शिकेल, त्यातलं बारीक अक्षर मले लागत नाई... मले थो बोलूनच पाठवे. बाकीच्याइनं लिवून पाठवलं असन. मी आपली केसची पुढची तारीख इचाराले शिरपूरहून बसनं मालेगावले गेली, त त्याच्या खोलीत खुर्च्या एकावर एक रचेल. त्याची बायको म्हणे, "आत्या, तुमाले कोणी सांगतलंच नाई का?" मी तथीच बसली.

थो माह्या माहेरचा, म्हणून मी त्याची आत्या. बाप मेला तवा माह्या भावानं हक्कसोडपत्रावर सही मांगतली. आमच्याकडं पोरी करून देतात सही, भाऊ लुगडं घेऊन देते, झालं. मी नाई केली. मालक लवकर गेले, लोकाच्या वावरात निंदण करून मी पोरी वाढवल्या. बापाच्या वावरात माहा वाटा हाय, एवढंच माहं म्हणणं. गावातलं कोणी माह्याकडून उभं नाई राह्यलं. सिद्धार्थनं माही केस घेतली, त लोक त्याले म्हणत, "बहीण-भावात तू कायले पडतं?" थो म्हणे, "आत्याबी याच गावची हाय."

मंग त्याच्या किडन्या गेल्या, पाय सुजले. वाशीमच्या कोर्टात जाणं होयना, त थो खोलीतूनच मोबाईलवर केस चालवे. मांगं पांढरी भिंत, वरतून काळा कोट, खालून लुंगी. मी म्हटलं, "बापा, सायबानं उठ म्हटलं त काय करशीन?"

"आत्या, मोबाईलमंदी कोणी उठ म्हणत नाई."

एका तारखेले त्यानं मलेही बाजूले बसोलं. मोबाईलमंदी सायेब दिसले. इतके वर्ष कोर्टात गेली, पण त्याइचं तोंड इतक्या जवळून कधी दिसलं नव्हतं. मी उठली, हात जोडले अन् सांगत सुटली. बाप, वावर, मालक, पोरी... सारं. सायेब मान हालवत होते. मले वाटलं, आज आयकलं कोणीतरी.

झालं तवा सिद्धार्थ हळूच म्हणे, "आत्या, आपला नंबर नव्हता आला. सायेब दुसऱ्याचं आयकू राह्यले होते. आपला आवाज बंद होता."

"मंग मले काहून नाई थांबवलं?"

"बोलू राह्यल्या होत्या ना तुमी... मी आयकलं."

मंग नंबर आला. दोन शब्द झाले अन् तारीख पडली.

आता दुसरा वकील हाय. चांगला हाय, काई वाईट नाई. म्हणते, "आजी, सारं ऑनलाईन दिसते, तुमी कायले येता?" त्याले केस दिसते. माहं बोलणं कोणत्या कागदात नाई, अन् आयकणारा एकच होता, थो गेला. वावर भावाकडंच हाय. माह्या डोळ्यादेखत काई होईन असं मले वाटत नाई आता.

मोबाईलमंदी त्याचा शेवटचा निरोप हाय. थो कसा लावाचा, तेवढं मले येते. रोज भाकरी झाल्यावर लावतो. "आत्या, जयभीम. तारीख वाढली. ऊन लय हाय, येऊ नका. मी पायतो." ते तारीखही कवाचीच होऊन गेली... मी आयकतो, अन् मोबाईल ठेवून देतो.